‘सदर्न क्लाउड’चं प्रकरण: अर्ध्या वाटेवरचा डोंगर

आमच्याकडे नवीन मुलं कामाला लागली की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक गणित घालतो. विमानाचा हवेतला वेग ताशी १६० किलोमीटर. जायचं अंतर ७०० किलोमीटर. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा. साडेपाच तासांनी विमान कुठे असेल? होडी आणि प्रवाहाची गणितं शाळेत सगळ्यांनीच घोटलेली असतात, त्यामुळे उत्तर पटकन येतं: ३३० किलोमीटर. म्हणजे अजून अर्धी वाटही झालेली नाही.

मग दुसरा प्रश्न. वारा किती आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. खाली जमीन दिसत नाही, नुसता ढग. हातात घड्याळ आणि होकायंत्र. साडेपाच तास झालेत. आता विमान कुठे आहे? इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “सर, एव्हाना पोचलं असेल की.”

आमचा विमानांशी काही संबंध नाही. मालाच्या ट्रकांची कंट्रोल रूम आहे. पण गाडी निघून गेल्यावर घाटात दरड आल्याची बातमी यावी, आणि ड्रायव्हरचा फोन नेमका त्याच पट्ट्यात लागू नये, हे पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी आमच्याकडे घडतं. म्हणून ‘सदर्न क्लाउड’ या १९३१ मध्ये बेपत्ता झालेल्या प्रवासी विमानाचं जुनं ऑस्ट्रेलियन प्रकरण मला परकं वाटत नाही. ते नीट मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

कंपनी आणि विमान

ऑस्ट्रेलियन नॅशनल एअरवेज ही कंपनी काढली चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि चार्ल्स उल्म या दोघांनी. १९२८ च्या मे-जूनमध्ये ‘सदर्न क्रॉस’ नावाच्या तीन इंजिनांच्या फोकर विमानातून त्यांनी अमेरिकेहून हवाई आणि फिजीमार्गे ब्रिस्बेनपर्यंत पॅसिफिक ओलांडला होता. हे त्याआधी कुणी केलं नव्हतं. देशभर नाव झालं, आणि त्या नावाच्या जोरावर विमानसेवा उभी राहिली. १ जानेवारी १९३० ला सिडनी ते ब्रिस्बेन, १ जूनला सिडनी ते मेलबर्न.

सिडनी-मेलबर्न हा मार्ग धंद्याच्या दृष्टीने सोन्यासारखा होता. रेल्वे होती, पण न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांच्या रुळांचं अंतर वेगळं. सीमेवरच्या ऑल्बरी स्टेशनावर सगळ्यांनी सामान घेऊन उतरायचं आणि समोरच्या गाडीत बसायचं. मिरजेला ब्रॉडगेज सोडून मीटरगेज धरणारे आपल्याकडचे जुने प्रवासी ही कटकट ओळखतील. विमानाने मात्र सकाळी निघून दुपारी मेलबर्न.

विमानं होती ॲव्ह्रो टेन. मूळ रचना फोकरचीच, परवाना घेऊन इंग्लंडात बांधलेली. दोन वैमानिक आणि आठ प्रवासी मिळून दहा, म्हणून नाव ‘टेन’. तीन लिंक्स इंजिनं, पंखांचा पसारा साधारण २१ मीटर. पंख पूर्ण लाकडी, वरून प्लायवूड. धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. कंपनीकडे अशी पाच विमानं होती आणि पाचांच्या नावात ‘सदर्न’: क्लाउड, स्टार, मून, स्काय, सन.

त्यांतल्या एकावरही रेडिओ नव्हता.

हे वाक्य मी मुद्दाम सुटं ठेवलंय, कारण ते अज्ञानातून आलेलं नाही. पॅसिफिकच्या उड्डाणात ‘सदर्न क्रॉस’वर खास रेडिओचालक होता, जेम्स वॉर्नर. आणि १९२९ चा प्रसंग तर याहून बोलका आहे. त्या वर्षी मार्चअखेरीस किंग्सफर्ड स्मिथ आणि उल्म सिडनीहून विंडमकडे निघाले. निघाल्यावर थोड्याच वेळात रेडिओची लोंबती एरियल तुटून गेली. पुढे हवा वाईट आहे हा निरोप जमिनीवरून पाठवला गेला, तो त्यांना मिळालाच नाही. वादळात वाट चुकून ते वायव्येकडच्या निर्जन चिखलपट्टीवर उतरले आणि बारा दिवसांनी सापडले. त्यांना शोधायला निघालेले कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हे दोघे वाळवंटात उतरले आणि तहानेने गेले.

म्हणजे न पोचलेल्या निरोपाची किंमत किंग्सफर्ड स्मिथ आणि उल्म यांच्याइतकी ऑस्ट्रेलियात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. तरी रेडिओ नाही. का? त्या काळचा संच जड, तो चालवायला मोर्स येणारा वेगळा माणूस लागायचा, आणि आठ खुर्च्यांच्या विमानात एक-दोन खुर्च्या त्यातच गेल्या की फेरी तोट्यात. वर विमानात संच बसवला तरी वाटेत ऐकणारी-बोलणारी जमिनीवरची केंद्रं हवीत, ती कुणी उभारायची? १९३१ म्हणजे महामंदी ऐन भरात, आणि कंपनीला सरकारी अनुदान नाही. हे सगळं मला समजतं. आमच्या धंद्यातही प्रत्येक गाडीत किती रुपयांचं यंत्र बसवायचं यावर अशाच बैठका होतात. पण समजतं म्हणून पटतं असं नाही.

शनिवार, २१ मार्च १९३१

सकाळी सव्वाआठच्या सुमाराला ‘सदर्न क्लाउड’ सिडनीच्या मॅस्कट विमानतळावरून मेलबर्नच्या एसेंडनकडे निघालं. मुख्य वैमानिक ट्रॅव्हिस शॉर्ट्रिज, अनुभवी माणूस. जोडीला चार्ली डनेल. प्रवासी सहा, त्यांत दोन स्त्रिया. दोन खुर्च्या रिकाम्या.

हाताशी असलेला हवामानाचा अंदाज आदल्या दिवशीच्या नोंदींवरून केलेला होता. पाऊस, वारा, असं काहीसं. मार्चमध्ये तिकडे शरद ऋतू सुरू झालेला असतो, त्यात नवल नाही. पण आदल्या रात्रीपासून दक्षिणेकडे हवेचा दाब वेगाने घसरत चालला होता. ठिकठिकाणच्या सकाळच्या नोंदी तारेने सिडनीच्या हवामान कार्यालयात आल्या, नकाशावर मांडल्या गेल्या आणि चित्र पालटलं. आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जोराचं वादळ, डोंगराळ भागात सोसाट्याचा वारा, आणि तो बरोबर विमानाच्या तोंडावर.

तोवर विमान गेलेलं होतं.

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ इथे थांबतो. अपघात अजून झालेला नाही. विमान अजून उडतंय, बहुधा गोलबर्नच्या आसपासच्या पठारावर. मागे वळायला जागा आहे, इंधन आहे, दिवस आहे. सिडनीत एका टेबलावर नकाशा आहे आणि त्या आठ जणांनी करायला हवं ते त्यावरून सरळ वाचता येतंय. कुणी हलगर्जी केली म्हणावं, तर हवामान खात्याने आपलं काम वेळेत केलं होतं. टेबल आणि विमान यांच्यामध्ये काही नव्हतं, एवढंच.

ढगाच्या आत

पुढचं कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे इथून पुढचा बराचसा भाग अनुमान आहे, पण भक्कम पायावरचं.

रेडिओ नसलेला वैमानिक वारा मोजायचा कसा? खालच्या खुणांवरून. अमुक गाव ते तमुक नदी हे अंतर माहीत असतं. घड्याळ लावून ते किती मिनिटांत कापलं ते बघायचं. विमानाचं नाक एकीकडे आणि जमीन तिरकी सरकतेय, हे डोळ्यांनी दिसतं. त्यावरून बाजूचा वारा कळतो. जमीन दिसते तोवर ही पद्धत उत्तम चालते. ढगात शिरलं की मापायची पट्टीच हातातून जाते. मागे मोजलेला वारा तसाच आहे असं धरून चालायचं, आणि वेळ गुणिले वेग करायचं.

त्या दिवशी उंचीवर ताशी शंभर किलोमीटरच्या घरातला वारा समोरून होता असं मानलं जातं. सिडनी-मेलबर्न सरळ अंतर ७०० किलोमीटर. नेहमीच्या हवेत हा प्रवास पाच-सहा तासांचा. म्हणजे पाच-साडेपाच तासांनी शॉर्ट्रिजच्या हिशेबात डोंगर केव्हाच मागे पडलेले असणार. आपण व्हिक्टोरियाच्या सपाटीवर आलोय, आता हळूहळू खाली उतरून ढगाखालून एसेंडन शोधायचं, हा कुणीही करेल असा विचार. प्रत्यक्षात जमिनीवरून मोजलेला वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरवर आलेला असेल, तर तेव्हा त्याच्या खाली स्नोई पर्वताचा गाभा होता. ऑस्ट्रेलियातलं सर्वांत उंच शिखर, २,२२८ मीटरचं कॉझियस्को, याच रांगेत आहे.

वारा दिवसभर एकसारखा नसतो, त्यामुळे माझं साठ-सत्तर हे कागदावरचं गणित आहे. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. विमान सापडलं ती जागा सिडनीहून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर आहे. मेलबर्नहूनही साधारण तेवढीच. जवळजवळ बरोबर मध्यावर.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. पहिली उंचीमापकाची. ते यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं आणि त्याची उंची करून दाखवतं. जास्त दाबाच्या ठिकाणी जुळवून घेतलं आणि कमी दाबाकडे उडत गेलं, की काटा खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. दर एका मिलीबारला साधारण आठ-नऊ मीटर. पंधरा मिलीबार दाब उतरला असेल तर सव्वाशे मीटरचा फरक, आणि वैमानिकाला त्याचा पत्ता नाही. आज जमिनीवरून स्थानिक दाब सांगितला जातो आणि वैमानिक बटण फिरवून यंत्र जुळवतो. त्यालाही रेडिओ लागतो.

दुसरी डोंगराच्या आडोशाची. वारा डोंगरावर आपटून वर चढतो आणि पलीकडे धबधब्यासारखा कोसळतो. कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, डोंगराच्या मागच्या बाजूला जाऊ नको हा पहिला धडा असतो. ‘सदर्न क्लाउड’ ईशान्येकडून येत होतं आणि वारा साधारण समोरून, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कड्यांची पडती बाजूच त्याच्या वाट्याला येत होती. भरलेलं ॲव्ह्रो टेन चढायला मुळात संथ. खाली ओढणाऱ्या हवेत तिन्ही इंजिनं पूर्ण जोरात चालवूनही उंची टिकणं अवघड. त्यात बर्फ धरण्याची शक्यता. यांतलं नेमकं काय घडलं याचा पुरावा नाही. कदाचित सगळंच थोडंथोडं.

अठरा दिवस

संध्याकाळपर्यंत विमान एसेंडनला आलं नाही. आधी सगळ्यांना वाटलं, कुठेतरी कुरणात उतरलं असेल. तेव्हाच्या विमानांना ते शक्य होतं आणि शॉर्ट्रिज तेवढा शहाणा होता.

शोध अठरा दिवस चालला. वीसहून जास्त विमानं त्यात होती. कंपनीने आपली नेहमीची उड्डाणं बाजूला ठेवून विमानं शोधाला लावली, आणि स्वतः किंग्सफर्ड स्मिथही शोधत फिरला. लोकांनी मदतीच्या भावनेने खबरी दिल्या: अमुक वाजता डोक्यावर घरघर ऐकली, तमुक दरीत धूर दिसला. खबरी इतक्या दूरदूरच्या होत्या की सगळ्या खऱ्या धरल्या तर त्या दुपारी आकाशात निदान अर्धा डझन ‘सदर्न क्लाउड’ असायला हवी होती. शोधणाऱ्यांचा त्यात दोष नाही. खबर आली की जावंच लागतं. पण प्रत्येक खबर शोधाचं क्षेत्र वाढवत गेली. विमान होतं ते सरळ मार्गापासून फार लांब नसलेल्या एका उतारावर, उंच निलगिरी वृक्षांच्या दाट जंगलात. वरून उडणाऱ्याला तिथे फक्त झाडांचे शेंडे दिसतात.

हा शोध चालू असतानाच, ३१ मार्चला, अमेरिकेत कॅन्ससमध्ये याच फोकर कुळातलं एक प्रवासी विमान हवेतच पंख तुटून पडलं. लाकडी पंखाच्या जोडांत ओल शिरून सरस सुटला होता. फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी त्यात होता, त्यामुळे फार गाजलं, आणि लाकडी पंखांच्या प्रवासी विमानांवरचा लोकांचा विश्वास उडाला. ‘सदर्न क्लाउड’च्या अपघाताशी त्याचा संबंध जोडण्यासारखा पुरावा नाही. तो पंधरवडा मात्र या जातीच्या विमानांना भोवला, हे खरं.

चौकशी समितीच्या हातात विमान नव्हतं, साक्षीदार नव्हता. कारण ठरवता आलं नाही. प्रवासी विमानांवर रेडिओ असायला हवा, हा मुद्दा मात्र त्या चौकशीतून पुढे आला आणि पुन्हा मागे पडला नाही. कंपनी तोवर टिकली नाही. मंदी, शोधाचा खर्च, घाबरलेले प्रवासी. १९३१ च्या जूनअखेरीस नियमित सेवा बंद झाली.

दोन्ही संस्थापकांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर रेडिओ म्हणजे जादूची कांडी असा गैरसमज व्हायचा. डिसेंबर १९३४ मध्ये उल्म कॅलिफोर्नियाहून हवाईला निघाला. या वेळी रेडिओ होता आणि तो चालूही होता. बेट सापडत नाही, पेट्रोल संपत आलंय, असे संदेश होनोलुलूला पोचले. फक्त तो स्वतः कुठे आहे हे त्यालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते ऐकणाऱ्यालाही कळलं नाही. विमान मिळालं नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये किंग्सफर्ड स्मिथ इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना अलाहाबादहून रात्रीचा निघाला, कलकत्त्यावरून पुढे गेला आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात नाहीसा झाला.

आपल्याकडे याच सुमाराला, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा त्या छोट्या पस मॉथ विमानातही रेडिओ नव्हता. पुढे पावसाळ्यात जुहूच्या चिखलात विमान उतरवता येईना म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा, म्हणजे ऐन ढगांच्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्याशी गाठ. त्या वैमानिकांनी वर्षानुवर्षं तो टपालमार्ग सांभाळला याचं कौतुक वाटतं. ‘सदर्न क्लाउड’ वाचल्यावर थोडी धडकीही भरते.

रविवार, २६ ऑक्टोबर १९५८

सत्तावीस वर्षं गेली. मधल्या काळात त्याच डोंगरांत ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. १९४९ पासून पंचवीस वर्षं चाललेल्या या कामावर तीसहून जास्त देशांतून आलेले मिळून लाखभर लोक राबले. धरणं, बोगदे आणि त्यांच्यासाठी रस्ते. जिथे कुणी पाऊल टाकत नव्हतं तिथे कामगारांच्या छावण्या पडल्या.

टॉम सॉन्टर हा त्यांतलाच एक सुतार, वय २६. टूमा नदीच्या बाजूला काम चालू होतं. सुट्टीचा दिवस, तो कॅमेरा घेऊन रानात भटकायला निघाला. कॅब्रामरा गावापासून जवळच, टूलाँगच्या डोंगररांगेत, डीप क्रीक नावाच्या ओढ्याच्या वरच्या उतारावर त्याला झाडोऱ्यात एक उंचवटा दिसला. जवळ गेला तर मातीत आणि पाचोळ्यात अर्धवट बुडालेल्या गंजक्या लोखंडी नळ्या.

कापड नव्हतं, प्लायवूड नव्हतं. सत्तावीस हिवाळ्यांचा बर्फ आणि त्या डोंगरांतून फिरून गेलेले वणवे यांनी लाकडी पंखाची निशाणी ठेवली नव्हती. उरला होता तो नळ्यांचा सांगाडा आणि इंजिनं. ज्या धडाकडे १९३१ मध्ये वीस विमानांतून डोळे ताणून पाहिलं जात होतं, ते वरून कधी दिसण्यासारखं राहिलंच नव्हतं. ते पायी चालणाऱ्यालाच सापडायचं होतं, आणि तिथे पायी जायला आधी कुणाला कारण नव्हतं.

ओळख पटली, पोलीस आले, वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. त्यांच्या मागोमाग आठवण म्हणून तुकडे नेणारेही आले. अपघाताची जागा म्हणजे पुराव्याची जागा, हे तेव्हा कुणाला फारसं वाटत नसावं. नाही तरी कारण शोधायला उशीर झालाच होता. पुढे १९६२ मध्ये कूमा गावात स्मारक झालं. तिथे सांगाड्याचे अवशेष ठेवलेले आहेत.

जागा सापडल्याने एकच प्रश्न सुटला, पण तो महत्त्वाचा. भरकटून समुद्रात पडलं, फार पश्चिमेला गेलं, मेलबर्न ओलांडून पुढे गेलं, हे सगळे तर्क बाद. विमान आपल्या वाटेच्या आसपासच होतं. दिशा फार चुकली नव्हती, अंतर चुकलं होतं. काहींच्या मते शॉर्ट्रिज मागे वळला होता आणि परत सिडनीकडे येताना आदळला. तसं असेलही. पण मग तो वळला तेव्हा आपण कुठे आहोत असं समजत होता, हा प्रश्न राहतोच.

डोंगर पार झाला असं वाटणं आणि तो पार झालेला नसणं, ही गोष्ट नंतरही घडत राहिली. २ ऑगस्ट १९४७ ला ब्वेनोस आयर्सहून सँतियागोला निघालेलं ‘स्टार डस्ट’ नावाचं विमान अँडीजमध्ये ११ जणांसह नाहीसं झालं. उंचावरच्या अतिवेगवान वाऱ्याची तेव्हा वैमानिकांना फारशी कल्पना नव्हती, आणि तोच समोरून होता. अँडीज ओलांडून झालं असं समजून ते उतरू लागलं असावं. तुपुंगातो पर्वताच्या हिमनदीने अवशेष बाहेर टाकायला पन्नास वर्षं घेतली. ‘स्टार डस्ट’वर रेडिओ होता, मोर्स पाठवणारा माणूसही होता. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँवर आदळलं. होमी भाभांसह ११७ जण गेले. तिथे जेट विमान होतं, रडार होतं, जमिनीवरून बोलणारा नियंत्रक होता. विमानाचं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं, नियंत्रकाने पर्वत अजून पुढे आहे हे सांगितलं, आणि वैमानिकाने त्याचा अर्थ पर्वत मागे पडला असा घेतला.

पण ‘सदर्न क्लाउड’च्या शेजारी ठेवावं असं खरं प्रकरण मेलबर्नचंच आहे. २५ ऑक्टोबर १९३८. ‘कीमा’ नावाचं डीसी-२, पूर्ण धातूचं आधुनिक विमान, ॲडलेडहून एसेंडनला येत होतं. कंपनीचं नाव पुन्हा ऑस्ट्रेलियन नॅशनल एअरवेज, पण ती वेगळी, नंतर निघालेली कंपनी. विमानावर रेडिओ होता आणि एसेंडनशी बोलणंही झालं. खाली ढग. ठिकाणाचा अंदाज चुकला, या वेळी उलट बाजूने: आपण अजून अलीकडेच आहोत असं समजून ‘कीमा’ ढगातच एसेंडनवरून पुढे निघून गेलं आणि तिथून सुमारे चाळीस किलोमीटर पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरावर आदळलं. १८ जण गेले.

चौकशीत निघालं की ढगातही विमानाला नेमकी वाट दाखवणारे रेडिओ-संकेतक सरकारने विकत घेऊन ठेवले होते. ते अजून वापरात आणलेले नव्हते.

‘कीमा’चं गणित मी मुलांना दुसऱ्या आठवड्यात घालतो.